हिशेब आला, ताळा राहून गेला

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. अहेरीकडच्या एका गावाला जाणाऱ्या रस्त्याचं काम चालू होतं. मार्च महिना होता, मोहफुलं पडायला लागली होती आणि निम्मं गाव पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात गेलेलं. रस्ता एका खोलगटातून जात होता. एका बाजूने जरा जोरात उतरायचा आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू चढायचा. बाजूच्या गटाराचं पाणी तिथून पलीकडे काढण्यासाठी एक ह्यूम पाइपची मोरी टाकायची होती. मी लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर उघडला, एक्सेलची फाइल पाहिली आणि चेनेज सांगितलं : १२५० मीटर. चुन्याची रेघ मारली.

कुदळ घेऊन उभा असलेला गावातला एक म्हातारा माणूस म्हणाला, "सायेब, पानी तं तिकडं पुढं साचते. पाइप इथं कायले टाकता?" आणि त्याने वीस-बावीस पावलं पुढे बोट दाखवलं.

मी त्याला समजावून सांगितलं की हे कॉम्प्युटरने काढलेलं आहे. तो गप्प झाला. कॉम्प्युटर म्हटल्यावर आपल्याकडे बहुतेक माणसं गप्प होतात.

त्या पावसाळ्यात पाणी बरोबर त्याने दाखवलं तिथे उभं राहिलं. मोरी कोरडी आणि तिच्या पुढे डबकं. साइडपट्टी भिजून मऊ झाली, मग डांबराची कड तुटली, दुसऱ्या पावसाळ्यात अर्धा रस्ता बसला. गावकऱ्यांनी खड्ड्यात ऐनाची एक फांदी रोवून ठेवली, रात्री येणाऱ्याला दिसावी म्हणून. त्या कामाच्या कागदावर लेव्हल काढणारा म्हणून माझी सही आहे. म्हणून हा लेख मी कुणावर आरोप करण्यासाठी लिहीत नाही. माझंच काय चुकलं आणि ते आजही का चुकतं आहे, एवढंच मांडायचं आहे.

आधी थोडं तांत्रिक, पण ते सगळ्यांना समजण्यासारखं आहे. रस्त्याचा उतार आणि चढ जिथे मिळतात तिथे कोपरा ठेवून चालत नाही, गाडी आदळते. म्हणून मध्ये एक उभा वक्र घालतात. टेकडीच्या माथ्यावरचा तो समिट कर्व्ह आणि खोलगटातला तो व्हॅली कर्व्ह. हा वक्र साधारणपणे पॅराबोलाचा घेतात, कारण त्याचा हिशेब सोपा. सुरुवातीची लेव्हल घ्यायची, त्यात उतार गुणिले अंतर मिळवायचं आणि दोन उतारांतला फरक भागिले वक्राच्या लांबीची दुप्पट, गुणिले अंतराचा वर्ग, हेही मिळवायचं. दहावीच्या मुलाला जमेल असं गणित आहे. दर दहा मीटरला एकदा करायचं एवढंच.

माझ्या खोलगटात उतार ४ टक्के होता, चढ १ टक्का. दोन्ही रेषा १२५० ला मिळत होत्या आणि तिथली लेव्हल समजण्यासाठी १८०.००० धरू. वक्राची लांबी ६० मीटर, म्हणजे वक्र १२२० ला सुरू, १२८० ला संपतो. हातानं मांडलं तर लेव्हली अशा येतात :

१२२० : १८१.२००
१२३० : १८०.८४२
१२४० : १८०.५६७
१२५० : १८०.३७५
१२६० : १८०.२६७
१२७० : १८०.२४२
१२८० : १८०.३००

नुसती नजर टाकली तरी कळतं की सगळ्यात खालची जागा १२५० नाही. ती येते १२६८ ला, आणि तिथली लेव्हल आहे १८०.२४०. म्हणजे मी मोरी टाकली ती जागा सगळ्यात खालच्या जागेपेक्षा साडेतेरा सेंटिमीटर उंच होती. गटार रस्त्याच्याच उताराने चालतं. पाणी साडेतेरा सेंटिमीटर चढून मागे येणार नव्हतंच. म्हाताऱ्याचं बोट १८ मीटर पुढे होतं आणि त्याने कोणतंही सूत्र वापरलं नव्हतं.

मग फाइल का चुकली? फाइल माझी नव्हतीच. कुणी तरी नागपूरला बनवलेली, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर पेनड्राइव्हने आणि नंतर व्हॉट्सॲपने फिरत आलेली. ज्याने ती बनवली, त्याच्या कामात दोन्ही बाजूंचा उतार सारखाच असणार. तसं असेल तर सगळ्यात खालची जागा बरोबर मध्येच येते. म्हणून त्याने 'लोएस्ट पॉइंट' या सेलमध्ये सूत्र न घालता सरळ मधलं चेनेज जोडून टाकलं होतं. त्याच्यापुरतं ते खरं होतं. माझ्या ४ आणि १ टक्क्याला ते खोटं होतं. सेलवर क्लिक करून पाहिलं असतं तर पाच सेकंदांत कळलं असतं. शीटला पासवर्ड होता, आणि तो विचारायची मला गरज वाटली नाही.

आता मूळ मुद्दा. शाळेत गुरुजी उदाहरण सोडवून झालं की विचारायचे, "ताळा पाहिला का?" भागाकार केला तर उलट गुणून पाहायचं. हा ताळा आमच्या सर्व्हेच्या धंद्यात पहिल्यापासून आहे. लेव्हल बुकाचं पान संपलं की खाली तीन ओळी लिहाव्या लागतात. बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज, आणि शेवटची लेव्हल वजा पहिली लेव्हल. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर ते पान ओव्हरसिअर फेकून द्यायचा. उभ्या वक्राचाही ताळा होता. वरच्या यादीत लागोपाठच्या दोन लेव्हलींतला फरक मिलिमीटरमध्ये काढा : उणे ३५८, उणे २७५, उणे १९२, उणे १०८, उणे २५, अधिक ५८. आता या फरकांतला फरक काढा : ८३, ८३, ८४, ८३, ८३. पॅराबोला असेल तर हा दुसरा फरक सगळीकडे सारखा येतोच, मिलिमीटरभर इकडेतिकडे. एखादी लेव्हल चुकली तर तिच्या आसपासचे आकडे लगेच उड्या मारायला लागतात. जुने लोक हे पेन्सिलने कडेला मांडत. मला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, दुसरा फरक जुळल्याशिवाय जेवायला उठायचं नाही.

एक्सेल आलं तेव्हा आपण सूत्र उचलून त्यात नेलं. ताळा नेला नाही. यंत्र चुकत नाही असं वाटलं म्हणून नेला नाही. यंत्र चुकत नाहीच, पण त्याला सांगणारा चुकतो. एखाद्या सेलला टक्क्याचं फॉरमॅट असतं, तिथे ३ टाइप केलं तर ३ टक्के होतात. शेजारच्या सेलला ते नसतं, तिथे ३ म्हणजे ३०० टक्के. सूत्र खाली ओढताना डॉलरचं चिन्ह विसरलं तर उताराचा आकडा एकेक ओळ खाली सरकत जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घाईच्या दिवशी कुणी तरी सूत्रावरच आकडा टाइप करून ठेवतो. तो आकडा पुढच्या दहा रस्त्यांत जसाच्या तसा राहतो, आणि बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसत नाही.

आणि माझ्या बाबतीत तर दुसऱ्या फरकाचा ताळाही पुरला नसता, हे कबूल केलं पाहिजे. लेव्हली बरोबर होत्या, चुकला होता फक्त एक सेल. त्याचा ताळा यादीतच होता. १२५० पेक्षा १२६० ची लेव्हल कमी आहे, मग १२५० सगळ्यात खाली कशी? मी यादी वाचलीच नव्हती. मी फक्त उत्तर वाचलं.

ही चूक फक्त आमच्यासारख्या लहान साइटवर होते असं नाही. २०१० साली दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी देशांच्या कर्जाविषयी एक निबंध लिहिला, जगभरच्या सरकारांनी खर्चकपातीसाठी त्याचा दाखला दिला. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल मागून घेतली, तर सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटलेले निघाले. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६ हजार रुग्णांची नोंद काही दिवस गायब होती, कारण जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. तिथे निदान कुणी तरी फाइल उघडून पाहिली, आणि चूक जाहीर झाली. आमच्या जंगलातल्या रस्त्याची फाइल कोण उघडणार?

काही जण म्हणतील, पाच-दहा सेंटिमीटरने काय होतं? चंद्रपूर-गडचिरोलीत बरंच काही होतं. इथे रस्ता जंगलातून जातो आणि जंगलात जमीन मोजून मिळते. वनहक्क कायद्यात, २००६ च्या, गावाच्या सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देण्याची तरतूद आहे. पण एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी ७५ झाडांच्या आत. दहा मीटर रुंदीचा पट्टा धरला तर एक हेक्टर म्हणजे फक्त एक किलोमीटर. आता भरावाचा उतार एकास दोन असेल आणि लेव्हल चुकून भराव एक मीटर जास्त झाला, तर पायथा दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर, म्हणजे एकूण चार मीटर रुंद होतो. अर्धा मीटर चुकला तरी दोन मीटर. शीटमधल्या एका चुकीच्या सेलने सागाच्या दोन रांगा जातात किंवा फॉरेस्टवाले काम थांबवतात. दोन्हीत गावाचंच नुकसान.

दुसरी गोष्ट रात्रीची. चंद्रपूर-मूल रस्त्यावर ज्याने रात्री मोटारसायकल चालवली आहे त्याला सांगायला नको की रस्त्यात चितळ, रानडुक्कर, कधी वाघही उभा असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाला गाडी थांबवायला ६० मीटर दिसलं पाहिजे, असं इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम सांगतात. माथ्यावरच्या वक्राची लांबी चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून ठरते आणि खोलगटातल्या वक्राची हेडलाइटच्या झोतावरून. दोन्हींची सूत्रं वेगळी. दोन्हीकडे उतार-चढातला फरक ५ टक्के असेल तर माथ्याला ३२ मीटर पुरतात, खोलगटाला ४८ लागतात. माथ्याच्या सूत्राची शीट खोलगटाला वापरली, आणि मी ती वापरलेली पाहिली आहे, तर वक्र १६ मीटरने आखूड पडतो. दिवसा काही कळत नाही. रात्री हेडलाइटचा झोत समोरच्या चढावर आपटून थांबतो आणि त्यापलीकडे काय उभं आहे ते दिसत नाही. शहरात दिव्याचे खांब ही चूक झाकतात. जंगलात खांब नाहीत.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत बरेच जण आपल्या समाजातले आहेत, म्हणून एक वेगळं उदाहरण देतो. हल्ली वारसाहक्काचा, म्हणजे फराईजचा हिशेबही लोक एक्सेल शीटवर करतात. एक बाई वारली, मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. नवऱ्याचा हिस्सा निम्मा, बहिणींचा दोन तृतीयांश. बेरीज करा, एकापेक्षा जास्त येते, सात षष्ठांश. ज्याने शीट बनवताना ही अडचण ओळखली नाही त्याची शीट इस्टेटीपेक्षा जास्त वाटून मोकळी होईल. जाणकार आलिम इथे 'औल' करतात. छेद सात धरून नवऱ्याला तीन आणि बहिणींना चार हिस्से देतात. हे त्यांना कसं कळतं? सगळ्या हिश्शांची बेरीज एक आली का, हा ताळा ते पाहतात म्हणून. रस्त्याचा वक्र आणि वारसाचा हिस्सा यांत मला फरक वाटत नाही. दोन्हीकडे दुसऱ्याचा हक्क आपल्या आकड्यात असतो.

अल-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात बीजगणितावर ग्रंथ लिहिला तो याच कामांसाठी, वारसाच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी. अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. पण त्याचं नाव घेणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी स्वतः रोज वापरत असलेल्या शीटमधलं सूत्र उघडून पाहिलं आहे? सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना इशारा आहे. त्याचा अर्थ आपण किराणा दुकानाच्या तराजूपुरता घेतो. लेव्हलचा स्टाफ हेही मापच आहे. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं हा ईमानचा भाग, हे मकतबमध्ये शिकलो. मग रस्त्यात डबकं तयार करणाऱ्या सहीचं काय, हा प्रश्न मला त्या फांदीपाशी पडला.

आपल्या भागाला मोजणीची परंपराही जुनी आहे. भारताची मोठी त्रिकोणमिती मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. पुढे त्याच मोजणीत आर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यंत्रं दुरुस्त करत. थिओडोलाइट उघडायचा, आत काय बिघडलं ते पाहायचं आणि पुन्हा जुळवायचा, हे त्यांचं काम. आज आमचं यंत्र म्हणजे ही शीट. ती उघडून पाहणारा माणूस साइटवर नसतो.

यावर एक आक्षेप येतो तो रास्त आहे. आता मोठी सॉफ्टवेअर आली, ड्रोन आले, एक्सेलवर कोण काम करतं? राष्ट्रीय महामार्गावर नसेल करत. पण एटापल्ली, कोरची, धानोरा, जिवतीकडचे साडेतीन-पावणेचार मीटरचे रस्ते लहान कंत्राटदार करतात आणि त्यांचा सुपरवायझर मोबाइलवरच शीट उघडतो. त्यात मला वाईट काही दिसत नाही. उलट शीटचा मोठा गुण हा की आतलं सूत्र उघडून वाचता येतं. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसते. शीटला पासवर्ड घालून आपण तिचा तोच गुण मारून टाकतो.

म्हणून माझं म्हणणं चार गोष्टींचं आहे. पहिली, शीट उघडी असावी. हातानं भरायचे सेल पिवळे, सूत्राचे पांढरे. चुकून आकडा पडू नये म्हणून कुलूप लावा, पण सूत्र झाकू नका. दुसरी, प्रत्येक शीटमध्ये ताळ्याचे दोन रकाने हवेत. एक दुसऱ्या फरकाचा, आणि दुसरा वक्राच्या शेवटच्या लेव्हलीचा, जी पलीकडच्या चढावरून स्वतंत्र काढलेली असेल. तिसरी, प्रत्येक रस्त्यातला निदान एक वक्र सही करणाऱ्याने कागदावर हातानं सोडवून फाइलला लावावा. अर्ध्या तासाचं काम आहे. पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनीही मुलांना शीट बनवायला लावण्याबरोबर मुद्दाम बिघडवलेली शीट देऊन चूक शोधायला लावावी.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. आम्ही सर्व्हे दिवाळीनंतर करतो, कारण पावसाळ्यात त्या जंगलात जाता येत नाही. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटतं, ही जवळपास दर पावसाळ्याची बातमी आहे. म्हणजे पाणी वाहतं तेव्हा आम्ही तिथे नसतो आणि आम्ही असतो तेव्हा जमीन कोरडी असते. पाणी पाहिलेला माणूस गावातच असतो. गडचिरोलीचा मोठा भाग पेसाखाली येतो, ग्रामसभेला विचारण्याची पद्धत कायद्यातच आहे. रस्त्याचा लाँगिट्यूडिनल सेक्शन मराठीत लिहून, कुठे मोरी, कुठे रपटा हे दाखवून ग्रामसभेत लावा. मग गावातल्या चार माणसांबरोबर ती लाइन एकदा चालून या. चेनेज त्यांना कळलं नाही तरी चालेल, झाड आणि दगड त्यांना माहीत असतात.

राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर, अहेरीतली आपली किती तरी मुलं डिप्लोमा, आयटीआय करून साइटवर लागतात. पगार कमी, कंत्राटदाराची घाई, वर बिलाची तारीख. मला सगळं माहीत आहे, मी त्यातूनच आलो. तरी त्यांना सांगतो, फाइल कुणाचीही असो, खाली सही तुमची असते. ती अमानत आहे. चूक सापडली तर लपवू नका, वरच्याला लेखी कळवा.

ती मोरी नंतर १२६८ ला पुन्हा टाकली. खर्च कंत्राटदाराने केला आणि मला दोन महिने पगार उशिरा मिळाला. काम चालू असताना तो म्हातारा पुन्हा दिसला. मी त्याला सांगितलं, "काका, तुमचंच बरोबर होतं." तो हसला नाही. खोदलेल्या चरात उतरला, पाइपाच्या तोंडाशी हात ठेवला आणि म्हणाला, "आता जाते पानी."